राणीसाहेबांच्या पोटावरची पट्टी

पेपरवाल्याने माझ्या पोटावर पट्टी चिकटवली होती. पार्सलांना लावतात तसल्या तपकिरी कागदाची, चांगली रुंद, गळ्याखाली सुरू होऊन थेट गुडघ्यांपर्यंत. वर माझं तोंड, खाली माझी पावलं आणि मधे नुसता कागद. त्याच्या टपरीला चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या आहेत आणि त्यांवर तो मासिकं चिमट्यांनी लटकवतो. स्वयंपाकाच्या आणि मोटारींच्या मासिकांच्या मधे, दरमहा ज्या जागी मी लटकते त्याच जागी लटकत होते, पण झाकलेली. माझा हात कोटावरून आधी स्वतःच्या पोटाकडे गेला आणि मग मला हसू फुटलं. पेपरवाला खाली वाकून गठ्ठ्याची सुतळी सोडत होता. "हसा, हसा," तो म्हणाला. "परवा एक बाई भांडायलाच आल्या, ताई. शाळेतली मुलं इथून जातात, असलं उघडंवाघडं टांगायला लाज वाटत नाही का, म्हणाल्या. काढून टाकावं तर खप चांगला आहे. म्हटलं, साप मरावा आणि काठीही मोडू नये. झाकून टाकलं." "बरं केलंत," मी म्हटलं आणि पेपर घेऊन कामाला निघाले. बरं केलंत असं मी का म्हटलं कोण जाणे. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडून पेपर घेते. तो माझ्या तोंडाकडे बघून बोलत होता आणि त्याच्या कानाजवळ माझंच तोंड चिमट्याला लटकत होतं, तरी दोन्हींचा संबंध त्याला लागला नाही. लागायचं कारणही नव्हतं. तिकडची मी सव्वीस वर्षांची आहे आणि इकडची त्रेपन्नची.

माझा नवरा चित्रकार आहे आणि त्या मासिकाची मुखपृष्ठं काढतो. मासिक फासे टाकून खेळायच्या खेळांचं. टेबलाभोवती पाचसहाजण बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यात योद्धे होतात, जादूगार होतात, चोर होतात, आणि राक्षस मेला की आपण मेलो हे फासे ठरवतात. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एकच बाई असते, माझ्या तोंडाची: हातात तलवार, पाठीमागे काहीतरी जळतं आहे, आणि अंगावर कवच. कवच म्हणायचं आपलं. छातीवर दोन वाट्या, कमरेला एक पट्टा आणि खांद्यावर मात्र लोखंडाचा हा एवढा थोरला गड्डा. जिथे वार बसला तर माणूस मरेल त्या सगळ्या जागा मोकळ्या आणि बाकीच्या कडेकोट बंदोबस्तात. वाचकांनी तिचं नाव राणीसाहेब ठेवलं. तिच्यावर आमचं घर उभं राहिलं, दोन मुलं शिकली, बाहेर पडली. लोकांचं हातावर पोट असतं, आमचं पोटावर, असं नवरा म्हणायचा आणि मी त्याला चिमटा काढायची.

हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता उताराचा आहे, पाय आपले आपण चालतात आणि डोकं मोकळं राहतं. पट्टी डोक्यातून जाईना. चिकटवताना तो पेपरवाला बोटाने ती दाबून बसवत असणार, कडा उचलू नयेत म्हणून. आमची पहिली खोली आठवली. एकच खोली, उत्तरेला मोठी खिडकी, शेगडी बिघडलेली. नवऱ्याला पहिलंच मुखपृष्ठ मिळालं होतं आणि समोर उभं करायला कुणी नव्हतं. मी उभी राहिले, त्याचा स्वेटर घालून, खाली दुमडलेली विजार आणि हातात फरशी पुसायच्या फडक्याची काठी. अंगात हुडहुडी भरली होती म्हणून उजव्या हातातला चहाचा कप काही मी सोडला नाही. मग काठी डाव्या हातात आली आणि राणीसाहेब जन्मभराच्या डावखुऱ्या झाल्या. स्वेटरच्या आतलं त्याने कुठून काढलं, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? नवीनच लग्न झालं होतं. त्याला सगळं पाठ होतं. पण मला आठवतं ते बघणं. पाठीत पोक काढून, खांदे आत घेऊन चालायचं हे मी घरी न शिकवता शिकले होते. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, एवढंच शरीराचं काम. आणि हा माणूस तासतासभर माझ्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, जीभ दाताखाली धरून, माझा खांदा दोन बोटं वर आहे की खाली यावर त्याचा जीव अडकला होता. मी हळूहळू सरळ झाले. छाती पुढे आली, मान वर गेली. त्या थंडीत मला इतकं बरं वाटलं होतं की काठी खाली ठेवूच नये असं झालं.

ते चित्र टपरीवर लागलं तेव्हा मी आईबरोबर रस्त्याने जात होते. आई थांबली, चष्मा वर करून बघितलं आणि चुकचुकली. "कुणाची लेक असेल गं ही? हिच्या आईला काय वाटत असेल!" मी म्हटलं, "तिला कळलंच नसेल, आई." "आईला न कळायला काय झालं?" आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी तोंडावर रुमाल धरून हसत राहिले. जिने मला नऊ महिने पोटात वागवलं तिने माझं पोट ओळखलं नाही. तेव्हा मला त्याची गंमतच वाटली होती. कुणी ओळखत नाही म्हणून तर मी तिथे बिनधास्त उभी होते.

माझं काम एक्स-रे काढायचं. दिवसभर मी लोकांना कपडे काढायला सांगते. शर्ट काढा, साखळी काढा, छाती पाटीला टेकवा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, सोडा. पडद्याआड लोक गुंड्या काढत असतात तोवर मी किरणं अडवणारा शिशाचा एप्रन घालून, एक हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून, एका पायावर भार देऊन उभी असते. एप्रन जड असतो. नवीन मुली तो खांद्यांवर घेतात आणि संध्याकाळी मान धरून बसतात. पट्टा करकचून कमरेवर बसवला की भार कमरेला जातो आणि दिवस निघतो. इतकी उघडी अंगं बघून मला उघड्या अंगाचं काही वाटेनासं झालं आहे. म्हातारे पुरुष पोट आत ओढतात, तरुण पोरं उगाच छाती फुगवतात, बायका हात छातीवर आडवे धरतात आणि मी सांगितलं की एकदम सोडतात. त्या सोडण्यात पुष्कळदा मला सुटका दिसते. पण त्या दिवशी मला वाटलं, इथे आत बघणारी मी एकटी असते आणि दार लावलेलं असतं. दारावर दिवा लाल असतो. टपरीला दार नसतं.

आमच्याकडच्या तरुण डॉक्टरीणबाई फिल्म वाचतात. पोरगी हुशार, हसरी, दुपारी डबा माझ्याबरोबर खाते. त्या दिवशी तिच्या पिशवीतून तेच मासिक डोकावत होतं, पालथं. मी घास डब्यात परत ठेवला. "हे काय वाचता, डॉक्टर?" मी विचारलं. तिने ते काढून टेबलावर ठेवलं, तेही पालथंच. "मी खेळते ना हे, ताई. रविवारी आम्ही सहाजण जमतो. कॉलेजपासून खेळतोय. मी योद्धा असते," ती म्हणाली आणि जरा लाजली. मग तिने मासिक उलटून दाखवलं. हिच्यावर पट्टी नव्हती. पेपरवाल्याकडून घेतलं नसावं. "बघा ना. आत इतकं सुंदर लिहितात, आणि वर हे. बसमध्ये काढायची सोय नाही. समोरचा माणूस आधी चित्र बघतो, मग मला बघतो, मग हसतो. पोट उघडं टाकून कोण लढायला जातं, सांगा बरं! पहिलाच वार तिथे." "पोट चांगलं आहे पण," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. ती खळखळून हसली. "पोट चांगलंच आहे हो. त्या पोटाशी माझं भांडण नाही. पण ते तिचं आहे असं वाटत नाही ना. बघणाऱ्यासाठी ठेवल्यासारखं वाटतं." मग तिने मला राणीसाहेबांचा इतिहास सांगितला. त्या डावखुऱ्या का, तर एका चेटकिणीने त्यांच्या उजव्या हाताला शाप दिला आहे, तो हात शस्त्राला लागला की राज्य जळेल. वाचकांनी यावर वर्षभर वाद घातला होता. मी डब्याचं झाकण लावता लावता माझा उजवा हात बघितला. चहाचा एक कप काय काय जाळू शकतो!

ती खोटं बोलत नव्हती हे मला कळत होतं आणि तरी मला कुठेतरी खुपलं. संध्याकाळी चढ चढताना मी ते कुठे खुपलं ते शोधत होते. त्या खोलीतलं उघडेपण माझं होतं, यात मला शंका नाही. मला तिथे कुणी उभं केलं नव्हतं, मी उभी राहिले होते. पण ते खिडकीजवळचं उभं राहणं नवऱ्याने कागदावर घेतलं, छापखान्याने रंगवलं आणि टपरीवर चिमट्याला लावलं, तोपर्यंत त्यातली मी निघून गेले असणार. बसमधला तो माणूस चित्र बघून पोरीकडे बघून हसतो, त्या हसण्यात मी नाही. मग कोण आहे? इथे आले आणि मला खरं खुपणारं सापडलं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर नवऱ्याने मला उभं राहायला सांगणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. आधी मूल लहान होतं, मग माझ्या ड्युट्या होत्या, मग त्याला गरजच पडेनाशी झाली. त्याने विचारलं नाही, मी म्हटलं नाही. माझी कंबर भरली, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, आणि राणीसाहेब तशाच राहिल्या. तो रोज सकाळी खिडकीशी बसून त्या सव्वीस वर्षांच्या बाईकडे डोळे बारीक करून, जीभ दाताखाली धरून बघतो, आणि मी त्याच्यामागून चहा ठेवून जाते. मीच माझी सवत झाले होते. मला माझ्या नवऱ्याने पुन्हा एकदा तसं बघायला हवं होतं, आत्ताच्या मला, एवढंच ते होतं. इतक्या वयात हे कुणाला सांगायचं? चढ संपला तेव्हा मला धाप लागली होती आणि जरा हलकंही वाटत होतं.

घरी नवरा तोंड फुगवून बसला होता. संपादकांचा फोन येऊन गेला होता. पुढच्या अंकापासून राणीसाहेबांना पूर्ण कवच. नुसती टपऱ्यांची तक्रार नव्हती, वाचकांचीच मागणी होती. "आता म्हणे असं चालत नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं चाललं ते?" मी त्याला पट्टीची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने मान वर केली. मग म्हणाला, "तुझ्यावर पट्टी लावली त्याने?" माझ्यावर, असं म्हणाला. मला ते ऐकून जे वाटलं ते मी भाजी ढवळण्यात लपवलं. "आणि तू काय म्हणालीस?" "बरं केलंत म्हटलं." "शाबास!" तो म्हणाला आणि दोघेही हसलो. मग मी त्याला डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, पोट बघणाऱ्यासाठी ठेवल्यासारखं वाटतं ते. यावर तो हसला नाही. "पहिली दोनतीन चित्रं तशी नव्हती," तो म्हणाला. "नंतर सवयीने काढत गेलो." मी ताटं घेतली. माणूस आपण होऊन एवढं म्हणाला की त्याला आणखी कोपऱ्यात ढकलू नये.

त्याने आठवडाभर कवचं काढली. पुस्तकं आणली, बिजागऱ्या बघितल्या, गुडघ्यावरच्या वाट्या कशा हलतात ते शिकला. एकेक कवच असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. पण आत कुणी नव्हतं. सहावं चित्र त्याने मला दाखवलं आणि मी म्हटलं, "बंब आहे." "बंबच आहे," तो म्हणाला आणि ब्रश पाण्यात आपटला. "कातडी मला येते गं. लोखंडही येतंय. पण लोखंडाखाली माणूस उभा कसा राहतो तेच दिसत नाही. भार कुठे जातो?" "कमरेवर जातो," मी भांडी पुसता पुसता म्हटलं. "खांद्यांवर घेतला तर संध्याकाळी मान जाते." तो माझ्याकडे वळून बघत राहिला. माझ्या हातात फडकं होतं. पूर्वीसारखी माझ्या हातात काठी नव्हती, पण फडकं होतं.

शनिवारी मी डॉक्टरीणबाईंना विचारून एक जुना एप्रन घरी आणला, वरचं कापड फाटलेला, सोमवारी परत द्यायच्या बोलीवर. "घरी कशाला, ताई?" तिने विचारलं. "नवऱ्याला दाखवायचाय, आम्ही काय वाहतो ते." "दाखवाच!" ती म्हणाली. रविवारी सकाळी खिडकीतून चांगला उजेड आला होता. आताचं घर मोठं आहे, पण खिडकी त्याने उत्तरेचीच घेतली आहे. मी रोजचे कपडे घातले, वर एप्रन चढवला, पट्टा ओढून कमरेवर बसवला. तो खुर्ची पुढे-मागे करत होता, कागद लावत होता, आणि मी पट्टा पुन्हा पुन्हा सारखा करत होते. लोकांना उभं करायचं माझं काम, मला उभं राहायची सवय मोडलेली. "पोट आत घेऊ?" मी विचारलं. "नको. असू दे. त्याच्यावरच तर पट्टा बसलाय." "श्वास रोखू?" "श्वास घे की! फोटो काढतोय का मी?" मग तो बघायला लागला. आधी नुसतं घाईघाईने, कवचाच्या कडा बघाव्यात तसं. मग त्याचे डोळे बारीक झाले. मग जीभ दाताखाली आली. मी ती जीभ बघितली आणि खिडकीबाहेर तोंड केलं, कारण मला रडू येईल असं वाटलं, आणि रडताना राणीसाहेब कशा काढणार. "इकडे बघ," तो म्हणाला. "तोंड इकडे." बघितलं. बराच वेळ पेन्सिलीचा आवाज येत होता. पाय भरून आला तेव्हा मी सवयीने भार एका पायावर टाकला, एक हात पट्ट्यावर ठेवला. "हां! तशीच उभी राहा," तो ओरडला. "हे कुठे शिकलीस?" "पडद्यापलीकडे लोक गुंड्या काढत असतात तेव्हा," मी म्हटलं. डाव्या हातात त्याने मला काठी दिली, राज्य जळायला नको म्हणून.

चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "तोंड जुनंच ठेवू का? वाचकांना सवय आहे." हे विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता, कपात बघत होता. मी एप्रन काढला नव्हता. तो अंगावर असला की माणूस सरळ बोलतो. "तुला काय दिसतंय ते काढ," मी म्हटलं. "वय दिसतंय," तो म्हणाला. "मग वय काढ." "छान दिसतंय पण," तो म्हणाला आणि एकदम उठून खुर्चीवर गेला, चहा तसाच टाकून. मी दिवसभर उभी राहिले असते.

अंक आला तेव्हा मी नेहमीच्या वेळेला टपरीवर गेले. मासिक दोरीवर होतं, स्वयंपाकाच्या आणि मोटारींच्या मधे, त्याच चिमट्याला, आणि पट्टी नव्हती. पाठीमागे जळत काही नव्हतं, नुसती सकाळ होती. गळ्यापासून पावलांपर्यंत लोखंड, मळकं, ठिकठिकाणी चेपलेलं, कमरेवर ओढून बसवलेलं, आणि त्यातून वर आलेली एक मध्यमवयीन बाई, दुसऱ्या हनुवटीसकट, कुणाचं तरी आवरायची वाट बघत असलेली. पेपरवाला खाली वाकून सुतळी सोडत होता. मी छत्री डाव्या हाताने टेकवून, उजवा हात कमरेवर ठेवून थांबले. "या वेळी पट्टीचा कागद वाचला," तो खालूनच म्हणाला. "काही गिऱ्हाइकं कुरकुरली. एकजण म्हणाला, राणीसाहेबांची आजी आली का! पण दुपारपर्यंत संपेल असं दिसतंय. एका पोरीने तर दोन नेले, छातीशी धरून." मी हसले. तो पेपर घेऊन उठला, मला द्यायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग दोरीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, छत्रीकडे, कमरेवरच्या हाताकडे, तोंडाकडे. "ताई," तो म्हणाला, "जरा तशाच उभ्या राहा." मी राहिले. "ही बाई... तुमच्या नात्यातली आहे का कुणी?" इतकी वर्षं त्या चिमट्याला मी जवळजवळ उघडी लटकत होते आणि खाली उभी राहून खुशाल पेपर घेत होते, तेव्हा कधी झालं नाही ते आता झालं. माझा हात कमरेवरून निघाला आणि कोटाच्या वरच्या गुंडीकडे गेला. गुंडी लावलेलीच होती.

"नात्यातली नाही," मी म्हटलं. "मीच."